साठ खुर्च्या, एक लाइन: नागपुरातल्या एका अभ्यासिकेने स्वतःचा प्रॉक्सी कसा उभारला

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात सक्करदऱ्यापासून मानेवाड्यापर्यंत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, बँक, सेट-नेट, जो तो आपापल्या परीक्षेच्या मागे. हे प्रकरण त्यातल्याच एका अभ्यासिकेचं. ओळख पटू नये म्हणून तिचं आणि माणसांची नावं वगळली आहेत.

अभ्यासिका चालवतात एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. साठेक खुर्च्या, कोपऱ्यात दहाएक सामाईक संगणक, बाकी पोरं आपापले लॅपटॉप घेऊन येतात. मोबाइलला वायफाय द्यायचं नाही हा नियम पहिल्यापासूनचा. फायबरची एकच लाइन, ५० एमबीपीएसची, आणि कंपनीने लावून दिलेला राउटर.

प्रॉक्सी म्हणजे लॅपटॉप आणि इंटरनेट यांच्या मध्ये उभा राहून विनंत्या पुढे नेणारा प्रोग्रॅम. तो लिहिला इथेच बसणाऱ्या एका मुलीने. इंजिनिअरिंग झालेलं, काही काळ नोकरीत पायथॉनवर काम केलेलं, आता राज्यसेवेची तयारी. सर तिला बेटा म्हणतात, पोरं ताई म्हणतात. मीही इथे ताईच म्हणतो. मी नेटवर्किंग शिकवतो, आणि पहिल्या आराखड्यापासून या कामात सल्ल्याला होतो.

अडचण

संध्याकाळी सात वाजले की नेट बसायचं. दिवसभर ठीक, रात्री दहानंतर पुन्हा ठीक. मधल्या तीन तासांत सराव परीक्षा देणाऱ्यांचे हाल. शंभर प्रश्न सोडवायचे, सबमिट दाबायचं आणि पांढऱ्या पडद्यावर गोल फिरत बसायचा. "सर, टेस्ट सबमिट होऊनच नाही राहिली," हे वाक्य रोजचं झालं होतं. कंपनीचा माणूस दुपारी येई, स्पीड मोजे, आकडा चोख येई, तो निघून जाई.

नेटपेक्षा वाईट बिघडत होतं ते हॉलमधलं वातावरण. मागच्या रांगेतली दोघंतिघं रील बघतात म्हणून सगळ्यांचं नेट अडतं, असं पसरलं. सरांवर दबाव आला: यूट्यूबच बंद करा. पण ज्यांना क्लासची फी परवडत नाही, त्यांचा क्लास यूट्यूबवरच असतो. सरांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते अडून बसले. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी आणि एकूण वापराचा आकडा दिसायचा, त्यापलीकडे काही नाही. कोण काय ओढतंय हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी दोषी ठरवून झाले होते.

कोणते मार्ग समोर होते

लाइन मोठी घेणं हा पहिला मार्ग. दर महिन्याचा खर्च वाढणार, आणि मूळ कारण कळलं नसताना तो करायला सर तयार नव्हते.

दुसरा मार्ग चांगल्या राउटरचा. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरमध्ये डेटाच्या पाकिटांच्या रांगा नीट लावण्याची सोय असते; तिच्या पद्धतींची नावं एफक्यू-कोडेल (इंटरनेटचा मानक दस्तऐवज आरएफसी ८२९०, २०१८) किंवा केक. एका यंत्राने लाइन भरून टाकली तरी दुसऱ्याच्या छोट्या पाकिटांना पुढे वाट मिळते. हा मार्ग मी सुचवला होता. पण कंपनीच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती आणि नवा घेण्याचा निर्णय पुढे ढकलला गेला.

तिसरा मार्ग तयार प्रॉक्सीचा. स्क्विड १९९६ पासून आहे, वेगमर्यादा घालण्याची सोय त्यात आहे, शेकडो माणसांना पुरतो. टायनीप्रॉक्सी नावाप्रमाणे छोटा, पण वेगमर्यादा नाही. मिटमप्रॉक्सी पायथॉनमध्येच लिहिलेला आणि त्याला स्क्रिप्ट जोडता येते. मात्र त्याचा मुख्य उपयोग एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, वाहतूक उघडून बघण्याचा, आणि तेच इथे नको होतं.

ताईचा कल स्वतः लिहिण्याकडे होता. माझ्या मते साठ माणसांसाठी स्क्विड पुरला असता, आणि तीनशे असती तर मी त्याच्यावरच अडून बसलो असतो. पण ताईच्या एका मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्विड आपणहून प्रत्येक विनंतीची नोंद ठेवतो: कोणत्या पत्त्यावरच्या यंत्राने कोणती साइट कधी उघडली. ती बंद करता येते, पण बंद केलेली गोष्ट उद्या कोणीही एका ओळीत चालू करू शकतं. तिला असा प्रॉक्सी हवा होता ज्यात ती नोंद करणारा भागच नाही. छोटा प्रोग्रॅम, चार-पाचशे ओळींचा, सरांच्या मनात शंका आली तर ओळीवर बोट ठेवून समजावता येईल इतका. इथे मी स्वतः लिहिण्याच्या बाजूने झालो.

बांधणी

सरांच्या टेबलाखाली एक जुना संगणक पडून होता, दोन कोअरचा, ४ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चढवली. त्यात पायथॉन ३.११ येतं. सगळं काम पायथॉनच्या असिंकआयओवर (एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळायची सोय), बाहेरची एकही लायब्ररी नाही.

मूळ काम सोपं आहे. साधी एचटीटीपी विनंती असेल तर ब्राउझर पूर्ण पत्ता लिहून प्रॉक्सीकडे पाठवतो आणि प्रॉक्सी ती पुढे नेतो. एचटीटीपीएस असेल तर ब्राउझर म्हणतो, कनेक्ट, अमुक साइट, पोर्ट (त्या यंत्राच्या दाराचा क्रमांक) ४४३. प्रॉक्सी तिकडे जोडणी उघडतो, "२००" असं उत्तर देतो आणि मग दोन्ही बाजूंचे बाइट जसेच्या तसे इकडून तिकडे टाकत राहतो. आत काय चाललंय ते त्याला कळत नाही. कळतं फक्त साइटचं नाव, वेळ आणि किती बाइट गेले ते. एवढं दोन संध्याकाळी बसून उभं राहतं. खरी परीक्षा हॉल भरल्यावर झाली.

पहिला फटका फाइल मर्यादेचा. लिनक्समध्ये एका प्रोसेसला साधारणपणे १०२४ उघड्या फाइलींची मुभा असते आणि प्रत्येक जोडणी तिथे फाइल म्हणूनच मोजली जाते. क्रोम एका प्रॉक्सीकडे जास्तीत जास्त ३२ जोडण्या उघडतो. चाळीस लॅपटॉप धरले तर १२८०, आणि प्रॉक्सीतून जाणाऱ्या प्रत्येक बोगद्याला दोन टोकं, एक लॅपटॉपकडे, एक साइटकडे, म्हणजे २५६०. साडेसातला हॉल भरला आणि प्रॉक्सीने नव्या माणसाला दार उघडणंच बंद केलं. मर्यादा सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू ठेवणारी व्यवस्था) सेवा-फाइलमध्ये वाढवली, आणि दोन्ही बाजू गप्प राहिलेल्या जोडण्या काही मिनिटांनी बंद करायची ओळ टाकली.

दुसरा फटका मेमरीचा, आणि तो शोधायला वेळ लागला. समोरची साइट वेगाने डेटा देते, लॅपटॉप दूरच्या कोपऱ्यात, वायफाय मंद. प्रॉक्सी एकीकडून वाचतो आणि दुसरीकडे 'राइट' करतो. असिंकआयओमध्ये राइट लगेच परत येतं. डेटा गेला असा त्याचा अर्थ नसतो, तो बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, पडलेला असतो. त्यापुढे 'ड्रेन'ची वाट बघितली नाही तर बफर फुगत जातो. कूलरच्या टाकीत पाणी चढलं की बॉल कॉक नळ बंद करतो, तसं ड्रेनचं काम. ताईच्या पहिल्या आवृत्तीत बॉल कॉकच नव्हता: मेमरी चढत जाऊन शेवटी लिनक्सने प्रोसेस मारून टाकली. ड्रेन घातल्यावर प्रॉक्सी वाचायचं थांबतो, टीसीपीची (दोन टोकांमधली डेटाची देवाणघेवाण सांभाळणारा नियमसंच) खिडकी, म्हणजे एका वेळी घेता येणारा डेटा, लहान होते आणि पलीकडचा आपणहून हळू होतो. पुढे वेगमर्यादा घालताना हीच गोष्ट कामी आली. ठरलेल्या बाइटनंतर प्रॉक्सी क्षणभर वाचायचा थांबला, की बाकीचं टीसीपी बघून घेतं.

तिसरा फटका नावं शोधण्याचा. असिंकआयओ डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं, काम थ्रेडकडे (शेजारी चालणाऱ्या कामगारांकडे) देतं आणि त्या थ्रेडची संख्या ठरते कोअरच्या संख्येत चार मिळवून. दोन कोअर म्हणजे सहा थ्रेड. सहा मंद नावं एकदम आली की बाकी सगळे ताटकळत. थ्रेड वाढवले, सापडलेले पत्ते काही मिनिटं जपून ठेवले, प्रश्न मिटला.

सुरक्षेच्या गोष्टी पहिल्या दिवसापासून होत्या, आणि त्याबद्दल मी ताईला मनापासून मानतो. प्रॉक्सी फक्त हॉलच्या आतल्या पत्त्यावर ऐकतो, बाहेर उघडा नाही. कनेक्ट फक्त ४४३ पोर्टवर. नाहीतर मेलच्या २५ पोर्टवरून कोणीही स्पॅम सोडू शकतं. आणि नाव सापडल्यावर पत्ता खाजगी, म्हणजे हॉलच्या आतल्या नेटवर्कचा, निघाला तर नकार, म्हणजे प्रॉक्सीच्या आडून राउटरच्या आतल्या पानांवर कोणी पोचू नये.

आधी मोजणी, मग नियम

इथे सरांनी एक अट घातली. पहिला आठवडा काहीही अडवायचं नाही, हळू करायचं नाही, फक्त मोजायचं. हॉल मिळून कोणत्या साइटला किती बाइट, तासातासाने.

निघालं ते असं. व्हिडिओ होताच, पण दिवसभर सारखाच होता. सातच्या सुमारास जी उडी होती ती वर जाणाऱ्या वाहतुकीत होती: क्लाउड स्टोरेजचा बॅकअप. कामावरून, क्लासवरून पोरं येतात, लॅपटॉप उघडतात आणि दिवसभर साचलेले फोटो, पीडीएफ, नोट्स वर चढायला लागतात. अनेक लॅपटॉप, एकाच वेळी. टेस्ट सबमिट करणं म्हणजेही काही केबी वर पाठवणं. ते राउटरच्या रांगेत बॅकअपच्या मागे उभं राहायचं. मागच्या रांगेतल्या पोरांचा या तीन तासांच्या गोंधळाशी काही संबंध नव्हता. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते स्पष्ट सांगितलं.

आणखी एक गोष्ट हिशेबातून दिसली. राउटरचा एकूण आकडा प्रॉक्सीच्या एकूण आकड्यापेक्षा मोठा होता. म्हणजे काहीतरी प्रॉक्सीला वळसा घालून जात होतं. विंडोजमध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांची प्रॉक्सी सेटिंग वेगळी असते. वापरणाऱ्याने दिलेली सेटिंग त्या पाळतीलच असं नाही. सामाईक संगणकांवर अपडेट अशीच उतरत होती. तो इलाज विंडोजमध्येच केला: वेगावर मर्यादा, आणि एकाने उतरवलेलं अपडेट बाकीच्यांनी हॉलमधल्या हॉलमध्ये घ्यायचं.

कुलूप उघडायचं की नाही

बॅकअपला सात ते दहा वेगमर्यादा बसली. पण आता पोरांच्या एका गटाने वेगळीच मागणी केली: लेक्चर चालू ठेवा, शॉर्ट्स बंद करा. दोन्ही एकाच साइटवर, फरक फक्त पत्त्याच्या पुढच्या भागात. कनेक्टमध्ये तो भाग येत नाही. तो बघायचा तर प्रॉक्सीने स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या भरवशावर ब्राउझर साइट खरी मानतो, प्रत्येक लॅपटॉपमध्ये बसवायचं आणि प्रत्येक साइटचं सोंग घेऊन मध्ये उभं राहायचं. तंत्र अवघड नाही, ताईला ते येत होतं.

ताईने सरांना आडपडदा न ठेवता सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "म्हणजे एखाद्या पोरीचा बँकेचा पासवर्ड माझ्या टेबलाखालच्या डब्यात दिसन का?"

"दिसू शकतो, सर."

"मग नको, बेटा."

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. त्या डब्यातली प्रमाणपत्राची किल्ली चोरीला गेली असती तर चोराला त्या सगळ्या लॅपटॉपसमोर कोणत्याही साइटच्या नावाने उभं राहता आलं असतं, अभ्यासिका सोडून घरी गेल्यावरसुद्धा. शॉर्ट्सचा प्रश्न हॉलच्या शिस्तीचा होता, त्यासाठी एवढी किंमत मोजायची नाही. जी कंपनी आपल्या मालकीच्या यंत्रांवर हे करते तिचं गणित वेगळं. इथे लॅपटॉप पोरांचे होते.

नोंद किती ठेवायची

हॉलमध्ये बसणारा नोकरी शोधतो, आजाराबद्दल वाचतो, लग्नाची स्थळं बघतो. म्हणून दोन वेगळे हिशेब ठेवले. साइटवार आकडे सगळ्या हॉलचे मिळून. यंत्रवार आकडे फक्त बाइटचे, साइटचं नाव न लावता. या दोहोंची सांगड घालणारी फाइल डिस्कवर कुठेच लिहिली जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही गरजेपुरताच डेटा घ्या असा आहे, पण ताईने ठरवलं ते कायद्याच्या धाकाने नाही.

त्याची कसोटी लवकरच लागली. एका मुलाचे वडील गावाहून आले. "सर, पोरगा इथं दिवसभर काय पाहून राहिला, तेवढं दाखवा." काळजी खरी होती, पैसे काढून पाठवत होते. सर म्हणाले, "भाऊ, ते आमच्याकडे लिहूनच नाही ठेवत." नोंद असती आणि सर नाही म्हणाले असते, तर तो नकार एका चिंतातुर बापाच्या तोंडावर मारल्यासारखा झाला असता. नोंदच नव्हती म्हणून बोलणं मुलाच्या अभ्यासाकडे वळलं.

नियम कोणाच्या हातात

स्क्रिप्टिंग भाषेत प्रॉक्सी लिहिण्याचा मोठा फायदा नियमांचा. ताईने नियमांची पायथॉन फाइल वेगळी ठेवली होती: साइटचं नाव आणि वेळ द्या, उत्तर मिळेल, जाऊ दे, हळू कर किंवा अडव. तिच्यासाठी उत्तम. पण ताई परीक्षेला गेली की फाइल उघडणार सर, आणि एका ओळीत टॅब, दुसरीत स्पेस पडली की पायथॉन फाइलच नाकारतं. म्हणून सरांसाठी साधी यादी केली, एका ओळीत साइट, वेळ, वेग. नवी यादी वाचताना चूक सापडली तर प्रॉक्सी जुन्याच यादीवर चालत राहतो आणि चुकलेली ओळ पानावर मराठीत दाखवतो.

तरी दोन गमतीदार बिघाड झाले, आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सर यादी विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये लिहीत. मराठी टिपा असल्याने यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) निवडत. ते नोटपॅड फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट टाकतं, त्यामुळे यादीतला पहिला नियम कधीच लागू होईना. डोळ्यांनी बघितलं तर ओळ अगदी बरोबर. फाइल वाचताना 'यूटीएफ-८-सिग' लिहिलं की ते बाइट गळतात.

दुसरा बिघाड लहान पत्त्याचा. 'टी डॉट सी-ओ' ही लिंक लहान करणारी साइट अडवली आणि मायक्रोसॉफ्टची साइट बंद पडली. नियम 'नावात ही अक्षरं आहेत का' असं बघत होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या नावात शेवटचा टी, मग डॉट, मग सी-ओ ओळीने येतातच. आता नाव पूर्ण जुळतं का, किंवा आधी डॉट लावून शेवट जुळतो का, एवढंच बघितलं जातं.

प्रॉक्सी बंद पडला तर

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी प्रॉक्सी मेला आणि पोराचा फॉर्म राहिला, तर बाकी सगळं व्यर्थ. म्हणून लॅपटॉपमध्ये थेट प्रॉक्सीचा पत्ता न देता पॅक फाइल दिली. जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन, जे ब्राउझरला सांगतं: आधी प्रॉक्सीकडे जा, तो नसेल तर थेट. लोकसेवा आयोगाच्या आणि इतर सरकारी अर्जांच्या साइट तर आधीपासूनच थेट. याचा अर्थ असा की कोणालाही प्रॉक्सी चुकवता येतो. सरांना ते मान्य होतं.

यात एक खाच निघाली. नुसता प्रोग्रॅम बंद असेल तर संगणक लगेच नकार देतो आणि ब्राउझर थेट जातो. पण संगणकच बंद असेल तर नकार द्यायलाही कोणी नसतं. ब्राउझर वाट बघत बसतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, संध्याकाळी वादळ, लाइट गेली की पंखे नि राउटर इन्व्हर्टरवर चालू आणि प्रॉक्सीचा डबा बंद. "नेट काहून अटकलं?" म्हणून ओरड. डब्याची पिनही इन्व्हर्टरच्या बोर्डात लावली, तेव्हा ती थांबली.

परिणाम

टेस्ट अडकण्याच्या तक्रारी जवळपास बंद झाल्या. यूट्यूब चालू राहिलं. लाइन तीच, खर्च काही वाढला नाही. रील कोण बघतं यावरची भांडणं विरली, कारण तासावार आकड्यांचं पान आता भिंतीवर लागतं.

एक गोष्ट जमली नाही. अडवलेल्या साइटवर मराठीत सूचना दाखवायची होती. एचटीटीपीएसमध्ये कनेक्टला नकार दिला की ब्राउझर 'काहीतरी चुकलं' अशी आपलीच पाटी दाखवतो, प्रॉक्सीने पाठवलेलं पान फेकून देतो. पोरांना वाटायचं नेट गेलं. शेवटी कागदावर छापून टेबलांवर चिकटवलं.

वेगळं काय करता आलं असतं

राउटरचा निर्णय पुढे ढकलायला नको होता. मूळ दुखणं रांगेचं होतं, आणि रांग राउटरमध्ये आहे. चांगल्या रांगेने बॅकअप आणि टेस्ट शेजारीशेजारी चालले असते, विंडोजच्या वळसा घालणाऱ्या सेवाही त्यात आल्या असत्या. प्रॉक्सीने मोजून दिलं नसतं तर हे कळलं नसतं हे खरं, पण मोजणी झाल्यावर तरी लगेच वळायला हवं होतं.

भरलेल्या हॉलचा ताण आधी देऊन बघायला हवा होता. एका लॅपटॉपवरून हजारभर जोडण्या उघडणारी स्क्रिप्ट लिहायला तास लागत नाही. फाइल मर्यादा आणि मेमरी दोन्ही पोरांच्या टेस्टच्या वेळी न फुटता दुपारीच फुटल्या असत्या.

आणि हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. ताई मुख्य परीक्षेच्या तयारीला लागली तेव्हा अभ्यासिकेतल्या दोघांनी कोड वाचायला घेतला. आता बदल करायचा तर दुसऱ्याने वाचल्याशिवाय तो डब्यावर चढत नाही. नव्या राउटरचे पैसे सरांनी बाजूला काढले आहेत. तो आला की वेगमर्यादेचा भाग प्रॉक्सीतून काढायचा आणि मोजणी तेवढी ठेवायची, असं ठरलं आहे.